‘बाल्य’, ‘निर्विकल्प’, ‘निरागस’: तान्ह्या बाळाला अद्वैत चिकटवताना

विचारलेलं वाक्य असं: “भाषा शिकण्याआधी बाळाची जाणीव निर्विकल्प आणि निरागस असते, ती परत मिळवणं म्हणजेच अद्वैत, आणि उपनिषदं यालाच ‘बाल्य’ म्हणतात.” यातले शब्द बरोबर वापरलेत का?

‘निर्विकल्प’ अर्धा बरोबर, ‘निरागस’ गैरलागू, आणि ‘बाल्य’ जवळजवळ उलट अर्थानं वापरलंय.

‘बाल्य’ आधी घेऊ, कारण खरी गंमत तिथंच आहे. बृहदारण्यकात (३.५.१) याज्ञवल्क्य कहोलाला सांगतो: ‘पाण्डित्यं निर्विद्य बाल्येन तिष्ठासेत्’. क्रम नीट पाहा. आधी पांडित्य, मग बाल्य, पुढं मौन. बाल्य इथं शिकण्याच्या अलीकडं नाही, पलीकडं आहे. ‘निर्विद्य’ म्हटलं की मराठी माणसाला ‘निर्वेद’ आठवतो आणि वाटतं, पांडित्याचा वीट येऊन ते फेकून द्यायचं. शंकराचार्य मात्र या शब्दाचा अर्थ ‘निःशेष जाणून’ असा देतात. म्हणजे काही शिल्लक न ठेवता शिकून घ्यायचं आणि मग बाल्यानं राहायचं.

पण बाल्य म्हणजे काय? उपनिषदावरच्या भाष्यात आचार्य ते ‘बाला’पासून काढतच नाहीत, ‘बला’पासून काढतात: ज्ञानाच्या बळावर राहणं. ब्रह्मसूत्रभाष्यात (३.४.५०) मात्र ते ‘बाल’ ही व्युत्पत्ती घेतात आणि आपला प्रश्न थेट हाताळतात. वयाचं बालपण इच्छा झाली म्हणून आणता येत नाही, हे आधीच बाजूला काढतात. मग दोन पर्याय उरतात. एक म्हणजे बाळासारखं वागणं, आणि तिथं उदाहरण दिलंय ते वाटेल तिथं मलमूत्र विसर्जन करण्याचं! (भाष्यकारांना रुक्ष म्हणणाऱ्यांनी ही जागा जरूर वाचावी.) दुसरा पर्याय म्हणजे दंभ, दर्प वगैरे नसलेली आतली शुद्धी. निर्णय दुसऱ्याच्या बाजूनं लागतो. सूत्र आहे ‘अनाविष्कुर्वन्’, म्हणजे आपलं ज्ञान, आपला धर्म मिरवत न बसणारा. तेव्हा बाल्य हे मोठ्या माणसाच्या वागण्याचं वर्णन आहे. तान्ह्याच्या डोक्यात काय चालतं याबद्दल ते काही सांगत नाही.

‘निर्विकल्प’ला मात्र जुना आधार आहे, तोही अद्वैत्यांकडून नव्हे, मीमांसकांकडून, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंथाकडून. कुमारिल भट्ट श्लोकवार्तिकात म्हणतात की वस्तू समोर आली की पहिलं ज्ञान निर्विकल्पक असतं आणि ते ‘बालमूकादिविज्ञानसदृश’, म्हणजे बाळाच्या किंवा मुक्याच्या ज्ञानासारखं असतं. ‘ही गाय’, ‘पांढरी’, ‘उभी’ अशी नावं आणि विशेषणं अजून चिकटलेली नसतात. पण हे वस्तूचंच ज्ञान, ब्रह्माचं नव्हे. आणि ते मोठ्यांनाही होतं, पुढच्या क्षणी नाव जोडलं जातं एवढंच. म्हणून या अर्थानं लिहायचं तर शेवटचा ‘क’ ठेवून ‘निर्विकल्पक ज्ञान’ लिहा. ‘निर्विकल्प’ म्हटलं की मराठी वाचक सरळ समाधीत जाऊन बसतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

यालाही तोडीस तोड विरोधक आहे, व्याकरणकार भर्तृहरी. वाक्यपदीयात तो म्हणतो की जगात शब्दावाचून एकही प्रत्यय, म्हणजे ज्ञान, येत नाही, सगळं ज्ञान शब्दानं जणू ओवलेलं असतं. बाळाचं काय, हा आक्षेप तो गृहीतच धरतो: पूर्वसंस्कारामुळं बाळही त्यातून सुटत नाही. पूर्वजन्म मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण बाळ पोटात असतानाच आईचा आवाज ऐकतं, आणि बोलायला वर्ष लागलं तरी ६ ते ९ महिन्यांत काही शब्दांचे अर्थ ओळखू लागतं. ‘भाषेआधीची कोरी जाणीव’ समजतो तितकी लांबलचक नसते.

आता ‘परत मिळवणं’. अद्वैताची अडचण खरी इथं आहे. अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांची माण्डूक्यकारिका (१.१३) सांगते की प्राज्ञ, म्हणजे गाढ झोपेतला, आणि तुर्य, म्हणजे जागृती, स्वप्न, झोप यांपलीकडचा चौथा, या दोघांनाही द्वैत दिसत नाही, पण प्राज्ञाजवळ झोपेचं बीज असतं, तुर्यात ते नसतं. बृहदारण्यकात (२.१.१९) लहान मुलाची उपमा येते तीही झोपेच्या आनंदासाठीच, आणि मुलाच्या पंगतीला महाराज आणि महाब्राह्मणही बसवलेत. त्याच हिशोबानं, बाळाला ‘मी-तू’ कळत नाही म्हणजे द्वैत मिटलं असं होत नाही, ते अजून उगवलेलं नसतं. बीज आहे म्हणून तर दोन वर्षांत ‘माझं! माझं!’ सुरू होतं. शिवाय जे हरवतं आणि परत मिळवावं लागतं ते अद्वैत्याच्या लेखी आत्मा नव्हेच.

मग भाषेला दोष द्यायचा का? ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाच्या ‘शब्दखंडन’ प्रकरणाची सुरुवातच ‘बाप उपेगी वस्तु शब्दु’ अशी आहे. (हा ‘बाप’ म्हणजे वडील नव्हे, ‘वाहवा!’ असा उद्गार.) आधी शब्दाची तोंड भरून स्तुती, मग खंडन. खंडनाचं कारणही नेमकं आहे: आत्मा स्वयंप्रकाश, त्याला शब्दानं दाखवायची गरज नाही, अविद्या मुळातच नाही, मग शब्द नाहीसं करणार कशाला? शब्दानं जाणीव मळते अशी तक्रार तिथं नाही.

राहिला ‘निरागस’. ‘आगस्’ म्हणजे अपराध, तो नसलेला तो निरागस. हा शब्द नीतीचा आहे, ज्ञानाच्या स्वरूपाचा नाही. बाळाला बेलाशक लावा, जाणिवेला नको. ‘अनाविष्कुर्वन्’च्या अर्थी ‘निर्व्याज’ चपखल बसतो. व्याज म्हणजे बहाणा. आजकाल काहींना त्यात बिनव्याजी कर्ज दिसतं, त्याला इलाज नाही. ‘बालिश’ आणि ‘पोरकट’ मात्र इथं फिरकूही देऊ नका, दोन्हींत हेटाळणी आहे.

वाक्य असं करता येईल: “बाळाचं ज्ञान निर्विकल्पक असतं असं कुमारिल मानतात, उपनिषदातलं बाल्य म्हणजे ज्ञान पुरतं झाल्यावरचं निर्व्याज वागणं.” स्वल्पविरामाच्या जागी ‘म्हणजेच’ घालू नका.