जुन्या अ‍ॅव्हो मीटर मॉडेल ८ (काट्याचा मल्टिमीटर) चा काटा व्होल्टवर चालतो, ओहमवर हलत नाही. काय करावं?

व्होल्ट दाखवतोय म्हणजे मूव्हमेंट (काटा हलवणारी यंत्रणा) शाबूत आहे, निम्मी लढाई जिंकलात. ओहम मोजायला मीटरला स्वतःची बॅटरी लागते. आत दोन बॅटऱ्या असतात: १.५ व्होल्टचा सेल आणि सर्वांत वरच्या ओहम रेंजसाठी १५ व्होल्टची छोटी बॅटरी. मागचं झाकण उघडा. बहुतेक वेळा सेल गळून पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला दिसतो. तो हलक्या हाताने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. १५ व्होल्टची बॅटरी मिळाली नाही तर तीन व्होल्टचे पाच बटण सेल सिरीजमध्ये लावा, चालतं. काटा फिरवणाऱ्या कॉइलशी मात्र खेळू नका. तिच्याभोवतीचा चुंबक लोखंडाचा बारीक कीस ओढून घेतो, मग काटा अडकतच राहतो. आणि हो, जुन्या लीडचं (मीटरला जोडायच्या वायरीचं) रबर तडकलेलं असतं. ती बदलल्याशिवाय २३० व्होल्टला लावायची नाही.