इंग्रजी यमक शोधताना स्पेलिंग झाकून ठेवा

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत गाणी लिहिताना लव्ह, टाइम, हार्ट, वर्ल्ड असे रोजचे शब्द ओळीच्या शेवटी आले की यमक सापडत नाही, तर एखादी सोपी पद्धत किंवा साइट आहे का.

साइट आहे. राइमझोनवर शब्द टाका, पक्क्या यमकांची यादी मिळेल, जवळपासच्या यमकांचीही मिळेल. पण त्या यादीतलं खरंच काय जुळतं हे तुमच्या कानाला कळलं पाहिजे, आणि आपल्याकडे इंग्रजी कानाने शिकवतच नाहीत, डोळ्यांनी शिकवतात. याचा मला आजही राग आहे.

१९९८ साली मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गॅदरिंगला स्वरचित इंग्रजी कवितेची स्पर्धा होती. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी कविता लिहायची म्हणजे आमच्या घरात मोठीच गोष्ट. मी आजीवर लिहिली. आजी चुलीपुढे बसून तव्यावरची भाकरी काढायची, हात भाजत असतानाच ती मोडायची आणि अर्धी माझ्या ताटलीत टाकायची. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: ‘शी ब्रोक द भाकरी, गेव्ह मी हाफ, अँड फिल्ड द किचन विथ हर लाफ.’ हाफ आणि लाफ मी अंदाजाने जुळवले नव्हते. लायब्ररीत डॅनिएल जोन्सचा उच्चारकोश होता, घरी न्यायला मिळायचा नाही, तिथेच बसून उतरवून घ्यावं लागायचं. दोन्ही शब्दांत पहिलं अक्षर सोडलं की पुढच्या खुणा एकसारख्या होत्या, लांब आ आणि मग फ.

कागद परत आला तेव्हा त्या दोन शब्दांभोवती लाल पेनाने गोल केलेला आणि बाजूला शेरा, ‘नॉट अ राइम’. पहिला नंबर ज्या कवितेला मिळाला तिच्यात ‘कम’ आणि ‘होम’ यमक म्हणून आले होते. कम, होम. मोठ्याने म्हणून बघा. मी स्टाफरूममध्ये गेले. परीक्षक म्हणाले, “एकात एल-एफ, दुसऱ्यात जी-एच. यमक कसं होईल?” मी म्हटलं, सर, एकदा म्हणून तरी बघा. “आधी कागदावर काय दिसतंय ते बघ,” म्हणाले.

घरी आले तर मामा आलेले. मामांनी तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मोठ्या आशेने कागद त्यांच्यापुढे धरला. मामा परीक्षकांच्याच बाजूचे निघाले. वर शेक्सपिअरचं ११६वं सॉनेट काढून दाखवलं. त्याच्या शेवटच्या दोन ओळी ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘लव्ह्ड’वर संपतात. “उच्चार वेगळा, स्पेलिंग सारखं. शेक्सपिअर चुकला का गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते कितीतरी वर्षं नव्हतं.

उत्तर असं आहे. ती सॉनेट छापली गेली १६०९ मध्ये. त्या काळी या दोन शब्दांतले स्वर आजच्यासारखे एकमेकांपासून दूर गेलेले नव्हते, त्या लोकांच्या कानाला ते जुळत होते. पुढे उच्चार बदलले, स्पेलिंग तिथेच राहिलं. डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाच्या मदतीने लंडनच्या ग्लोब थिएटरने २००४ मध्ये ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे काही प्रयोग त्या जुन्या उच्चारांत केले. म्हणजे शेक्सपिअरही कानासाठीच लिहीत होता. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते “असेल” म्हणाले आणि अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले.

आता तुमचं काम. शब्द ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा. न उच्चारलेली अक्षरं आपोआप गळतात. ‘क्लाइम’मधला बी जातो आणि तो ‘टाइम’, ‘राइम’, ‘क्राइम’च्या शेजारी येऊन बसतो. मग जोर असलेल्या स्वरापासून शेवटपर्यंत खाली रेघ मारा. तेवढा भाग जुळला पाहिजे आणि त्याच्या आधीचं व्यंजन बदललं पाहिजे. ‘आइट’ धरलंत तर वर्णमालेवरून उतरत जा: काइट, टाइट, नाइट, फाइट, बाइट, माइट, राइट, लाइट, साइट, हाइट, मग जोडाक्षरांचे ब्राइट, फ्लाइट, स्लाइट. यातल्या काइट आणि हाइटचं स्पेलिंग बघितलं असतं तर दोन्ही सुटले असते.

जोराचा मुद्दा सोडू नका. मराठीत शेवटचं अक्षर जुळलं की आपल्याला पुरतं वाटतं, म्हणून आपली मुलं ‘टीचर’ आणि ‘डॉक्टर’ जुळवतात. इंग्रजीत टीचरचा जोर ‘टी’वर आहे, तेव्हा त्याला प्रीचर, क्रीचर, फीचर लागतं.

लव्हला पक्की यमकं अबव्ह, ग्लव्ह, डव्ह, शव्ह. रोजच्या वापरातली जवळपास एवढीच, म्हणून गाण्यांत तीच तीच येतात. इथे जवळचं यमक घ्या, आणि त्याला कुणी आळस म्हटलं तर ऐकू नका. मराठी गझल वाचत असाल तर स्वरकाफिया, म्हणजे नुसत्या स्वरावर जुळवलेलं यमक, माहीत आहेच, हे त्याच्या जवळचंच. स्वर तोच ठेवा आणि व्यंजन त्याच्या घरातलं घ्या. आपल्या वर्णमालेचे वर्ग याला फार उपयोगी पडतात. हार्टला ट वर्गातला हार्ड चालतो, थोडं लांब गेलं तर डार्क. टाइमला लाइन, कारण म आणि न दोन्ही नाकातले. लव्हला इनफ किंवा टफ. वर्ल्डला कर्ल्ड, हर्ल्ड, ट्वर्ल्ड पक्के आहेत, पण गाण्यात गर्ल आणि वर्ड जास्त सहज येतील. ‘मंथ’ला पक्कं यमक सापडत नाही, तो शेवटी ठेवूच नका, ओळ फिरवून मधे घ्या.

एक सांगायचं राहिलं. संगणकावरच्या यमकशोधात कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश खूप वापरला जातो. सव्वा लाखाहून जास्त शब्द आहेत त्यात, पण उच्चार अमेरिकन. म्हणून ‘क्लास’ टाकलंत की ‘गॅस’ समोर येऊ शकतो. अमेरिकेत तो क्लॅस आहे. तुमचं गाणं कोण गाणार, कोण ऐकणार, ते आधी ठरवा.

आणि देवनागरीही सगळीकडे साथ देत नाही. गेल्या दिवाळीत मामांनी फराळाच्या ताटावरूनच विचारलं, “मग ‘सेड’ आणि ‘मेड’ जुळतात का तुझ्या पद्धतीने?” कागदावर जुळतात, इंग्रजीत नाहीत. सेडमधला ए आखूड, त्याला बेड, रेड, ब्रेड लागतात. मेडमधला लांब, त्याला फेड, ट्रेड. मिळणं या अर्थाचं गेट आणि फाटक या अर्थाचं गेट आपण एकसारखंच लिहितो. मामांचा हा मुद्दा बरोबर आहे, तेव्हापासून मी आखूड ए वर पेन्सिलने टिंब देते. तुम्हीही द्या.

हाफ आणि लाफला मात्र टिंबाची गरज नाही. लंडनच्या उच्चारात ते जुळतात, अमेरिकेत हॅफ आणि लॅफ झाले तरी जुळतात. तो लाल गोलाचा कागद अजून माझ्याकडे आहे, येत्या दिवाळीत मामांपुढे पुन्हा ठेवणार आहे.