विमानतळावरची नोकरी आणि पायलटचं लायसन

प्रश्न : ताई, वय 22. गाव रावेर तालुक्यात, घरची केळी. बी.कॉम. झालोय. मुंबई विमानतळावर एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत चेक-इन काउंटरची नोकरी लागलीय, हातात तेवीस हजार येतील. मला पायलट व्हायचंय. मामा म्हणतात, एकदा आत शिरलास की ओळखी होतात, मग कंपनीच पुढे पाठवते. वडील म्हणतात, नोकरीबिकरी सोड, जमिनीवर कर्ज काढतो, थेट शिकायला जा. कुणाचं ऐकू?

उत्तर : मामांचं तर अजिबात नको. ग्राउंड हँडलिंग कंपनीला तुला पायलट करण्यात काडीचा रस नाही. तिथे बढती मिळते ती सीनियर, सुपरवायझर, ड्युटी मॅनेजर अशी. कॉकपिट त्या शिडीवर येतच नाही. मी मुंबईत लोड कंट्रोलला, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशोब ठेवणाऱ्या टेबलवर होते, आज एटीआर या छोट्या पंख्यांच्या विमानात उजव्या सीटवर, को-पायलट म्हणून बसते. या प्रवासात कंपनीचा हातभार एवढाच, की दर महिन्याला पगार झाला.

आणि त्या पगाराचा हिशोब मांडून बघ. मरोळ-साकीनाक्याला तिघांत खोली घेऊन, डबा लावून महिन्याला आठ हजार उरले असं धरू. वर्षाचे 96 हजार. आपल्याकडे कमर्शियल लायसनला पन्नास लाख तरी धरावे लागतात, वर टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचे वेगळे. म्हणजे नुसत्या बचतीवर जायचं तर पन्नास वर्षं लागतील. नोकरीतून फ्लाइंगचे पैसे उभे राहत नाहीत.

तरीही नोकरी घे असंच मी म्हणेन. कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही आणि तीच सगळ्यात आधी अडणार आहे. तू कॉमर्सचा. आजच्या नियमाप्रमाणे कमर्शियल लायसनला बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. कॉमर्स-आर्ट्सची मुलं हे दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देतात आणि ते चालतं. पण अभ्यासाला वेळ लागतो. तो वेळ गावी बसून घालवण्यापेक्षा नोकरीत घालव.

दुसरं, मेडिकल. आधी डीजीसीएच्या, म्हणजे लायसन देणाऱ्या सरकारी खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास 2, मग क्लास 1. डोळे, रंग ओळखणं, कान, ईसीजी, सगळं बघतात. आमच्या शिफ्टमधल्या एका मुलानं फ्लाइंग स्कूलला अ‍ॅडव्हान्स भरला आणि मग रंगांच्या चाचणीत अडकला. अ‍ॅडव्हान्स परत मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले. म्हणून वडिलांना सांग, क्लास 1 हातात पडेपर्यंत सातबारा कपाटातच राहू दे.

कर्जाचंही ऐक. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. शेतजमीन तारण घ्यायला बऱ्याच बँका नाखूश असतात, कारण वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. घर किंवा एनए प्लॉट असेल तर गोष्ट वेगळी. वडिलांनी आधी बँकेत जाऊन नुसती चौकशी करावी. सही नको.

आता खरा मुद्दा, नोकरी कुठली. काउंटरवर तू बोर्डिंग पास देशील, जादा वजनावरून लोकांची बोलणी खाशील आणि आठ तास उभा राहशील. विमान दिसेल ते काचेतून. रुजू हो, पण पहिल्या दिवसापासून डोळा लोड कंट्रोलवर ठेव. तिथे बदली मागता येते, त्याचं ट्रेनिंग होतं. बी.कॉम. असल्याचं तिथे कुणाला काही वाटत नाही, आकडेमोड पक्की लागते.

त्या टेबलवर मी जे शिकले ते क्लासमध्ये पैसे मोजून शिकायला लागलं असतं. एटीआर 72 चंच घे. प्रवाशांचा दरवाजा मागे, सामानाचा मोठा दरवाजा पुढे. पुढचं सामान आधी काढलं आणि उतरणारे प्रवासी मागे गर्दी करून उभे राहिले, तर विमान शेपटीवर बसू शकतं. म्हणून शेपटीखाली टेल प्रॉप, म्हणजे टेकू लावतात. हे एकदा रॅम्पवर, विमानाजवळ उभं राहून बघितलं की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे वजनाचा तोल कुठे पडतो ते पाठ करावं लागत नाही. पावसाळ्यात तर रोजचा वर्ग. मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात व्हिजिबिलिटी पडलेली आणि सीबी, म्हणजे गडगडाटी ढग लिहिलेले दिसले की कॅप्टन जादा इंधन मागणार. इंधन वाढलं की वजन वाढलं. मग कार्गो उतरवायचा का, किती, कुठल्या होल्डमधून, हे दार बंद व्हायच्या आत ठरवायचं. लोड शीटवर, या सगळ्या वजनाच्या कागदावर कॅप्टन सही करतो, पण आकडे तुझे असतात.

एक गैरसमज मात्र काढून टाक. वॉकी-टॉकी हातात आला म्हणजे आरटी, म्हणजे पायलटचं रेडिओवरचं बोलणं शिकलो असं नव्हे. त्यावर 'बे 23 ला दोन ट्रॉल्या पाठवा' एवढंच चालतं. टॉवरशी बोलायची भाषा आरटीआर या रेडिओच्या लायसनच्या परीक्षेसाठी वेगळी शिकावी लागते.

नोकरीत असताना नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे कमर्शियल लायसनचे पेपर काढ. पासिंगला 70 टक्के लागतात. माझ्या शिफ्टमध्ये रात्री दोन ते चार फ्लाइट कमी असायच्या, तेव्हा नेव्हिगेशनची गणितं व्हायची. रेग्युलेशन्स मात्र त्या वेळी डोक्यात शिरत नाहीत, ते सुट्टीच्या दिवशी. नाईट करून आल्यावर आधी झोप, मग पुस्तक. उलटं करणारे दोन्हीकडे नापास होतात.

फ्लाइंग सुरू झालं की नोकरी सोडावीच लागेल. लायसनला लागणारे उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण करायला बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, जिथे जाशील तिथेच राहावं लागतं, आणि आपल्याकडच्या पावसात महिनोन्‌महिने उड्डाण रखडतं. विमानं बंद, इन्स्ट्रक्टर नाही, ही कारणं वेगळी. स्कूल निवडताना ब्रोशरमधली विमानं मोजू नकोस. आज उडणारी किती, ते तिथल्या मुलांना विचार. डीजीसीएनं 2025 पासून स्कूलची क्रमवारी लावायला घेतलीय, तीही बघ. आणि राजीनामा देताना एअरपोर्ट पास जमा केल्याची पावती सांभाळ, क्षुल्लक वाटते पण मागाहून ती शोधत फिरायची वेळ येते.

आणखी एक. गावाकडे 'एअरपोर्ट मॅनेजमेंट डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी' असे फलक दिसतात. तुझी नोकरी लागलीय. आता कुणी तसल्या कोर्सचे पैसे मागितले तर सरळ उठून ये.

प्रश्न : माझी मुलगी 28 वर्षांची, इंजिनिअर, एअर कार्गोत काम करते. आता पायलट व्हायचं म्हणते. उशीर झालाय ना? – एक आई, सांगली

उत्तर : नियमानं नाही. कमर्शियल लायसनला किमान वय 18 आहे आणि एअरलाइनमध्ये 65 पर्यंत उडता येतं. तिशीत सुरुवात झाली तरी पस्तीस वर्षं हातात आहेत. कॅडेट प्रोग्रॅमना, म्हणजे एअरलाइनच्या पायलट घडवण्याच्या योजनांना मात्र वयाची वरची अट असते, ती तिनं याच महिन्यात तपासावी. ती इंजिनिअर आहे म्हणजे फिजिक्स-मॅथ्सचा प्रश्न मिटला. कार्गोत धोकादायक मालाची कागदपत्रं, त्या मालाबद्दल कॅप्टनला द्यायची लेखी सूचना, म्हणजे नोटोक, हे ती रोज हाताळते. रेग्युलेशन्सच्या पुस्तकात तो भाग आला की तिला हसू येईल.

तुमची खरी काळजी लग्नाची आहे, हे पत्राच्या तिसऱ्या पानावरून कळलं. त्यावर मी काही बोलणार नाही. पैशाचं मात्र तिच्याशी बसून बोला, आणि तिच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम यात घालायची की नाही ते तिच्यासमोरच ठरवा, नातेवाइकांसमोर नको.