आधी १४ हजार भरा, विमानाचं मग बोलू

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, एटीआर विमानाचा कॅप्टन. नऊ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) लेखी मी सध्या ‘टेम्पररी अनफिट’ आहे. पाच महिन्यांपासून पगार बंद आहे, त्यामुळे कुटुंबासह कोल्हापुरात आई-वडिलांकडे राहायला आलोय. डॉक्टर म्हणतात, आता एकदम ठणठणीत. डिसेंबरपर्यंत मेडिकल, म्हणजे उडण्यासाठीचं तब्येतीचं प्रमाणपत्र, परत मिळेल अशी आशा आहे. तोवर रिकामं बसण्यापेक्षा एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग (ते विमान उडवायची पात्रता) करून ठेवावं म्हणतो. खर्च १८ लाख. त्यासाठी एफडी मोडू, की पत्नीच्या दागिन्यांवर कर्ज काढू?

एफडी ३४ लाख, म्युच्युअल फंड १६ लाख, पतसंस्थेत १२ लाख (काका संचालक आहेत). पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता ४६ हजार, फ्लॅट सध्या बंद. हप्ता धरून महिन्याचा खर्च १ लाख २० हजार, पत्नीचा पगार ४० हजार. भविष्याची सोय म्हणून नुकताच बँकेतून गॅरंटीड इन्कम प्लॅन घेतला, वर्षाला ५ लाख, दहा वर्षं. त्यात ५० लाखांचं कव्हर असल्यामुळे २०१३ चा १ कोटीचा टर्म प्लॅन बंद करतोय, त्याचा १४ हजारांचा हप्ता या वेळी भरला नाही. नव्या प्लॅनचा फॉर्म बँकेतल्या साहेबांनीच भरला, मी ओटीपी दिला. हार्टचं सांगितलं तर म्हणाले, ‘ते लिहायची गरज नाही.’

उत्तर : कॅप्टनसाहेब, पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, कारण हे प्रसिद्ध होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. फोनवर घाईत जे बोललो ते इथे नीट मांडतो.

टाइप रेटिंगचं उत्तर ‘नको’. एफडी मोडून नको, वहिनींच्या दागिन्यांवर तर नकोच. त्याकडे नंतर येतो. तुमच्या पत्रात १८ लाखांपेक्षा महागाची एक ओळ आहे, ती १४ हजारांची. तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलंही नाहीत.

२०१३ मध्ये तुम्ही तिशीतले, निरोगी, क्लास वन मेडिकल खिशात असलेले पायलट होता. त्या माणसाला विमा कंपनीने वर्षाला १४ हजारांत १ कोटीचं कव्हर दिलं. तो माणूस आता कुठल्याही कंपनीला सापडणार नाही. दोन स्टेंट घेऊन आज तुम्ही टर्म प्लॅन मागायला गेलात तर बहुतेक ठिकाणी नकार येईल, आणि कुणी दिलाच तर हप्ता ऐकून तुम्हीच उठून याल. म्हणजे घरात जी वस्तू पैसे टाकूनही पुन्हा विकत मिळणार नाही, नेमकी तीच तुम्ही रद्दीत घालायला निघालात. कशासाठी, तर ५ लाखांची वस्तू घेतली म्हणून १४ हजार वाचवायला!

फोनवर तुम्ही तारीख शोधून सांगितलीत : हप्त्याची मुदत उलटून १८ दिवस झालेत. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. राहिले १२. या १२ दिवसांत पैसे भरले तर कुणी तब्येतीचं एक अक्षर विचारणार नाही. तेराव्या दिवशी पॉलिसी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करायला तब्येतीचं नवं निवेदन द्यावं लागेल, आणि त्यात हार्ट अटॅक लिहिल्यावर कंपनी ‘नाही’ म्हणायला मोकळी.

आता नवा प्लॅन. ‘५० लाख भरा, १ कोटी मिळवा’ असं तुम्हाला सांगितलं गेलं. बरोबरच आहे ते, फक्त मधली वर्षं सांगायची राहिली. दहा वर्षं ५ लाख भरायचे, मग थोडं थांबायचं आणि तेराव्या वर्षापासून वीस वर्षं ५-५ लाख परत घ्यायचे. शेवटचा हप्ता हाती पडेल तेव्हा तुम्ही पंचाहत्तरीत असाल. मी गणित मांडलं तर परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास निघतो. तुमची ती साधी एफडी, जी मोडायला तुम्ही निघालात, ती याहून जास्त देते.

पण परतावा ही यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी, की फॉर्मवर ‘हृदयविकार नाही’ असं लिहिलंय आणि खाली तुमचा ओटीपी आहे. विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं, की पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने ती उकरून काढता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र येते. नुसती चुकीची माहिती म्हणून रद्द केली तर भरलेले हप्ते परत द्यावे लागतात, फसवणूक म्हणून रद्द केली तर तेही नाही. इतर कुणाचं दुखणं कंपनीला शोधावं तरी लागतं. तुमचं दुखणं सरकारी फायलीत तारखेनिशी, अँजिओग्राफीच्या अहवालासकट पडून आहे. म्हणजे २०१३ च्या ज्या कागदाला आता कुणी हात लावू शकत नाही तो तुम्ही टाकताय, आणि जो पहिल्याच क्लेमला फाटेल तो ५० लाखांचं कव्हर म्हणून उराशी धरताय.

बँकेतल्या त्या साहेबांना तुमचा डिसेंबर नाही, टार्गेटचा मार्च दिसत असतो. पगार बंद झालेल्या, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला दहा वर्षांचं ५ लाखांचं दावं बांधणं याला मी सल्ला म्हणत नाही. जे म्हणतो ते इथे लिहिता येत नाही.

सुटका मात्र अजून आहे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’ची मुदत असते. या मुदतीत परत केली तर स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे किरकोळ पैसे कापून बाकी सगळे परत मिळतात. तुमची पॉलिसी ईमेलवर येऊन ११ दिवस झाले होते. अर्ज बँकेत देऊ नका, तिथे चहा मिळेल आणि पुढच्या सोमवारी बोलावतील. थेट विमा कंपनीला ईमेल करा, शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कारणात सरळ लिहा : माझा हृदयविकार सांगूनही फॉर्ममध्ये नोंदवला नाही, परतावाही चुकीचा सांगितला. साहेबांचा फोन येईल, ‘सर, एकदा भेटून बोलू.’ भेटू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न.

डॉक्टर ठणठणीत म्हणतात यावर माझा विश्वास आहे. पण डॉक्टर बघतात की हा माणूस रंकाळ्याला दोन फेऱ्या मारू शकतो का, नातवंडं बघेल का. मेडिकल बोर्ड बघतं की कंट्रोलवर बसलेला असताना हा अचानक कोसळेल का. दोन पायलटांच्या विमानासाठी जगभर जो अंदाज धरतात तो वर्षाला साधारण १ टक्का : अशा अचानक अक्षमतेची शक्यता त्याहून कमी हवी. तिथपर्यंत पोचायला ट्रेडमिल, इको, गरज पडली तर स्कॅन किंवा पुन्हा अँजिओग्राफी, शिवाय बीपी, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात असल्याचा पुरावा. अटॅकनंतर निदान सहा महिने थांबवायची पद्धत आहे, पण सहा महिने संपले म्हणजे मेडिकल मिळालं असं नाही, तेव्हा फक्त रांगेत उभं राहता येतं. विशेष तपासणी बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला किंवा दिल्लीच्या हवाई दलाच्या केंद्रात होते, आणि शेवटचा शब्द डीजीसीएचा. ‘आणखी तीन महिन्यांनी या’ हेही एक उत्तर असतं. ‘फिट, पण सोबत दुसरा पात्र पायलट हवाच’ हेही. एटीआरवर तसाही दोघांचा क्रू असतो, त्यामुळे तुमच्या कंपनीत अशी अट फारशी अडणार नाही. ज्या कंपनीने तुम्हाला कधी पाहिलं नाही, ती मात्र अट असलेल्या आणि त्या विमानावर एक तासही न उडालेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला आधी बोलावेल की पंचविशीतल्या मोकळ्या मेडिकलच्या पोराला, हे तुम्हीच सांगा.

शिवाय हे शिक्षण मेथीच्या जुडीसारखं आहे, ठेवून टिकत नाही. सहा महिन्यांची प्रोफिशियन्सी चेक, ९० दिवसांतली तीन उड्डाणं-उतरणं हे मला तुम्ही सांगायचं. आज सिम्युलेटरवर केलेलं काम डिसेंबरचा मार्च झाला की पुन्हा पैसे मागतं. आधी मेडिकल, मग सिम्युलेटर. तोही शक्यतो कंपनीच्या पैशाने आणि एटीआरचाच.

तुमची महिन्याची तूट ८० हजार, वर्षाला धरा १० लाख. नुसत्या एफडीवर साडेतीन वर्षं निघतात. त्यातून १८ लाख टाइप रेटिंगला दिले, वर्षाला ५ लाख त्या प्लॅनला दिले, की उरलेले १६ लाख जेमतेम एक वर्ष पुरतात. पावसाळ्यात उजळाईवाडीवर ढग उतरले की विमान फिरून जातं, हे आम्हा कोल्हापूरकरांना नवीन नाही. पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि वर अर्ध्या तासाचं इंधन टाकीत असल्याशिवाय तुम्ही कोल्हापूरला निघत नाही. घराच्या बाबतीत मात्र ढग नसतीलच असं धरून निघालात.

मी तुमच्या जागी आज धरून अठरा महिने बिनपगाराचे मांडले असते. आधी मेडिकल मिळालं तर पेढे. त्या अठरा महिन्यांना १५ लाख लागतील, तपासण्या आणि प्रवासाला २ लाख. पुण्याचा फ्लॅट भाड्याने द्या, बंद दाराआड हप्ता भरणं ही चैन आहे. म्युच्युअल फंडाला हात लावू नका. पतसंस्थेतले १२ लाख मुदत संपेल तसे राष्ट्रीयीकृत बँकेत आणा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. काका संचालक आहेत म्हणजे वाईट बातमी तुम्हाला आधी कळेल, पैसे आधी मिळतील असं नाही. काका रागावतील. जेवायला बोलवा, तांबडा-पांढरा त्यांना वाढा, तुम्ही भाकरी-आमटी खा.

फोन ठेवता ठेवता तुम्ही सहज म्हणालात, की कंपनीतून निरोप आलाय : राजीनामा द्या, फिट झालात की परत घेऊ. तोंडी. साहेब, हे पत्रात पहिल्या ओळीत हवं होतं. नोकरीबरोबर कंपनीचा ग्रुप आरोग्य विमा जातो, आणि ‘लॉस ऑफ लायसन्स’चं ग्रुप कव्हर असेल तर तेही. अशा कव्हरमध्ये कायमचं अनफिट ठरल्यास एकरकमी पैसे असतात, काहींत तात्पुरत्या अनफिटलाही ठरावीक काळ महिन्याला रक्कम मिळते. क्लेम किती दिवसांत करायचा याची मुदतही असते. नऊ महिने झाले, तुम्ही पॉलिसी मागितलीही नाही. एचआरला उद्या ईमेल करा, पॉलिसीची प्रत मागा. तोवर राजीनाम्याच्या कागदावर सही नाही, आणि ‘परत घेऊ’ हे लेखी नसेल तर ते ऐकलंच नाही असं समजा.

तेच टर्म प्लॅनचं. त्याला क्रिटिकल इलनेसचा रायडर (गंभीर आजारासाठीचं जोडकव्हर) जोडलाय का, हे तुम्हाला आठवेना. बाँड काढून बघा. नुसती अँजिओप्लास्टी झाली तर या रायडरमध्ये सहसा पैसे मिळत नाहीत, पण ठरावीक तीव्रतेचा पहिला हार्ट अटॅक त्यात बसतो : ईसीजीमधले बदल आणि रक्तातलं ट्रोपोनिन वाढल्याचा अहवाल लागतो. तुम्हाला अटॅक आला होता. डिस्चार्ज कार्ड आणि पहिल्या रात्रीचे अहवाल हॉस्पिटलमधून काढून ठेवा, बोर्डापुढेही ते लागणारच आहेत.

आणि त्या पॉलिसीवर नॉमिनी कोण, हेही तुम्हाला सांगता आलं नाही. १४ हजार भरायला साइट उघडाल तेव्हा वहिनींना शेजारी बसवा आणि तेही बघून घ्या.