आधी केस कोणती, ते ठरव

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे दोन्ही आराखडे नीट वाचले. एकीकडे सांडपाण्यातल्या विषाणूंवर नजर ठेवणारी प्रयोगशाळा, दुसरीकडे जबड्याच्या सांध्याच्या विकारांचा विभाग. दोन्हीकडे जागा आहे आणि निवड तुझी आहे. विषाणूंच्या कामापुढे जबड्याचं दुखणं ‘किरकोळ’ वाटतं, असं तू लिहिलंस. तो शब्द मला लागला. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, चावताना कळ थेट कानात जाते, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यामुळे घरचेही आता विश्वास ठेवत नाहीत, अशा एखाद्या माणसासमोर तासभर बस आणि त्याचं सगळं ऐकून घे. किरकोळ काय ते त्यानंतर ठरव.

निवडीबद्दलचं माझं मत शेवटी सांगतो. आधी आराखड्यांबद्दल. दोन्हींमध्ये यंत्र कोणतं, नमुना किती अंश तापमानाला ठेवायचा, एमआरआयच्या चित्रांची जाडी किती मिलिमीटर हे सगळं तू मन लावून लिहिलं आहेस. पण केस कोणाला म्हणायचं, म्हणजे कोणत्या खुणांवरून एखाद्याला रुग्ण धरायचं, आणि तुलना कोणाशी करायची, यावर दोन ओळीसुद्धा नाहीत. मला सगळी काळजी तिथलीच आहे.

विषाणूंचं थोडक्यात सांगतो, कारण तिथला आराखडा दुरुस्त होण्यासारखा आहे. 2013 साली इस्रायलमधल्या ‘राहत’ नावाच्या शहराच्या सांडपाण्यात वन्य पोलिओ विषाणू सापडला. एकही मूल लुळं पडलं नव्हतं. लागण झालेल्या साधारण 200 जणांमागे एकालाच लुळेपणा येतो, त्यामुळे दवाखान्यात बसून केसची वाट पाहिली असती तर विषाणू कितीतरी घरांतून फिरून गेला असता. शिवाय तिथल्या मुलांना 2005 पासून फक्त इंजेक्शनची लस मिळत होती. ती लुळेपणापासून वाचवते, पण आतड्यातली विषाणूची वाढ तोंडावाटे दिलेल्या लशीइतकी थोपवत नाही. म्हणजे लस घेतलेली, हसतीखेळती मुलंच विषाणू बाहेर टाकत होती. ऑगस्टमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांना तोंडावाटे लस द्यायला सुरुवात झाली आणि लुळेपणाची एकही केस नोंदली गेली नाही.

त्या लोकांनी सांडपाण्याला विचारलेला प्रश्न मला फार आवडतो: विषाणू इथे फिरतो आहे का? या प्रश्नाचं उत्तर सांडपाणी देऊ शकतं. तू मात्र तिसऱ्या आकृतीत लिटरमागे सापडलेल्या आरएनएच्या (विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या) प्रतींवरून थेट रुग्णसंख्या काढली आहेस. प्रत्येक माणूस किती विषाणू टाकतो आणि किती दिवस, यात प्रचंड फरक असतो. पावसाचं पाणी मिसळलं की नमुना पातळ होतो, आणि गटारातून वाहताना आरएनए झिजत जातो. एकाच ठिकाणचा चढउतार आठवड्यागणिक दाखव, आणि नमुन्यात मानवी विष्ठेचा अंश किती होता हे पाहायला मिरचीवरचा, खाण्यातून आपल्या विष्ठेत येणारा तो पेपर माइल्ड मॉटल विषाणूही मोज. तेवढं पुष्कळ आहे. रुग्णसंख्येची आकृती काढून टाक.

आणखी एक गोष्ट, जी तरुण मुलं पटकन विसरतात. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांच्या लक्षात आलं की करोनाच्या पीसीआर चाचणीत विषाणूचे जे तीन जनुकीय भाग शोधतात, त्या तीन लक्ष्यांपैकी एस जनुकाचं लक्ष्य पुन्हा पुन्हा कोरं येतंय. किट खराब असेल म्हणून ते निकाल बाजूला ठेवता आले असते. त्यांनी तसे नमुने सिक्वेन्सिंगला, म्हणजे विषाणूची जनुकीय रचना वाचायला, पाठवले, 24 नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, आणि दोन दिवसांत त्या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव मिळालं. फसलेल्या चाचण्यांची वही जपून ठेवायची सवय आत्तापासून लाव.

आता जबडा. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या क्षेत्राने केस न ठरवता उपचार करण्याची फार मोठी किंमत रुग्णांकडून वसूल केली आहे.

1934 मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञाने 11 रुग्णांवरून मांडलं की दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांधा मागे सरकतो आणि नसांवर दाब येऊन कान आणि चेहरा दुखतो. शरीररचना पाहणाऱ्यांनी पुढे ही कल्पना खोडून काढली. तरी ‘दोष चावण्याच्या ठेवणीत आहे’ हा समज टिकला आणि दुखणं थांबावं म्हणून चांगले दात घासून सपाट करणं चालू राहिलं. 1976 साली काही संशोधकांनी 25 रुग्णांवर दात घासण्याचा नुसता देखावा केला, दात प्रत्यक्षात तसेच ठेवले. 16 जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण थांबलं. हा आकडा कागदावर लिहून टेबलासमोर लाव. ते रुग्ण खोटं बोलत नव्हते, त्यांचं दुखणंही खरंच होतं. लक्ष देणारा डॉक्टर, धीर आणि उलटलेला काळ यांनी त्यातल्या बहुतेकांना बरं वाटलं, आणि तुलनेचा गट नसलेल्या प्रत्येक अभ्यासात हे सगळं श्रेय उपचाराच्या खात्यावर जमा होतं.

पुढे एमआरआय आला आणि सांध्यातली चकती, म्हणजे दोन हाडांमधली मऊ गादी, दिसू लागली. ती जागेवरून सरकलेली दिसली की ‘सापडलं कारण’ असं वाटायचं. पण कसलीही तक्रार नसलेल्या स्वयंसेवकांचे एमआरआय काढले तेव्हा त्यांच्यातही साधारण एक तृतीयांश लोकांची चकती सरकलेली निघाली. तोवर अनेकांच्या चकत्या काढून त्या जागी कृत्रिम रोपणं बसवली गेली होती. त्यातलं प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचं रोपण अमेरिकेत 1983 मध्ये, बाजारात आधीपासून असलेल्या साहित्यासारखंच आहे एवढ्या आधारावर मंजूर झालं. चावण्याच्या भाराखाली त्याचा भुगा होऊ लागला. त्या कणांवर शरीर तुटून पडलं, सांध्याचं हाड झिजलं, काहींच्या कवटीच्या तळापर्यंत इजा पोहोचली. डिसेंबर 1990 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला, तोवर हजारो लोकांच्या सांध्यात ते बसलेलं होतं. सांधा क्लिक करतो एवढ्यावरून कोणाला शस्त्रक्रियेला पाठवायची वेळ आली, तर ही माणसं आठव.

त्यामानाने जबड्याच्या या विकारांचे 1992 चे संशोधनासाठीचे निदान-निकष आणि त्यांची 2014 ची सुधारलेली आवृत्ती, डीसी/टीएमडी, दिसायला अगदी साधं काम आहे. मॅसेटर (गालाचा) आणि टेम्पोरॅलिस (कानशिलाचा) या चावण्याच्या स्नायूंवर एक किलोचा दाब द्यायचा आणि विचारायचं: दुखलं का? दुखलं तर, तुम्हाला नेहमी होतं तेच हे दुखणं का? हा दुसरा प्रश्न माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात मोलाचा शोध आहे. दाबल्यावर पुष्कळांना दुखतं. ज्याला ‘हो, हेच ते’ म्हणता येतं, त्याची केस होते. निकषांचा दुसरा भाग झोप, चिंता, उदासी, दुखण्यामुळे अडलेली कामं यांबद्दल विचारतो. तो फॉर्म घाईत भरून घेऊ नकोस. ऑपेरा नावाच्या अमेरिकी अभ्यासात सुमारे 2,700 निरोगी लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तेव्हा दरवर्षी साधारण 4 टक्के लोकांना हा विकार नव्याने झाला. कोणाला होणार याचे ठळक अंदाज अंगातल्या इतर तक्रारींवरून, आधीच्या दुखण्यांवरून आणि बिघडलेल्या झोपेवरून बांधता आले. खरं तर हेही एक सर्वेक्षणच होतं, फक्त विषाणूऐवजी वेदनेचं.

म्हणूनच तुझा जबड्याचा, स्प्लिंटचा (दातांवर बसवायच्या साच्याचा) आराखडा आहे तसा मला मान्य नाही. चाळीस रुग्ण, आधी एमआरआय, तीन महिने स्प्लिंट, पुन्हा एमआरआय. माणूस दुखणं टोकाला गेलं की दवाखान्यात येतो, आणि टोकाचं दुखणं बहुतेकदा आपोआपच थोडं उतरतं. तुझे निम्मे रुग्ण सुधारतील आणि त्यातलं स्प्लिंटचं किती, हे तुला कधीच कळणार नाही. 2023 च्या अखेरीस बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचना जुनाट दुखण्यासाठी देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, विचार-वर्तन उपचार, आणि रुग्णाला धीर व समज देणं यांची जोरदार शिफारस करतात. काढता येणाऱ्या स्प्लिंटच्या त्या सौम्यपणे विरोधातच आहेत. कायमचे बदल घडवणाऱ्या स्प्लिंटना आणि चकती काढून टाकण्याला त्यांचा ठाम विरोध आहे. अशा वेळी स्प्लिंटच तपासायचा असेल तर दुसऱ्या गटाला व्यायाम आणि समुपदेशन दे, गट चिठ्ठ्यांनी पाड, आणि मुख्य निकाल चकतीची जागा न ठेवता रुग्णाचं दुखणं आणि त्याची अडलेली कामं हा ठेव.

जाता जाता एक सांगतो, तुला दोन्ही विषय माहीत आहेत म्हणून. कानासमोर सूज, चावताना दुखणं, ताप, अशी तक्रार घेऊन तरुण रुग्ण आला तर तो गालगुंडाचा असू शकतो. गालगुंडात सुजणारी पॅरोटिड ही लाळेची ग्रंथी सांध्याला अगदी लागून आहे. जबड्याच्या दवाखान्यात अशी केस ओळखून साथरोग विभागाला कळवणारी डॉक्टर हवीच आहे.

माझं मत: तू जबड्याकडे जा. सांडपाण्याच्या कामाला हुशार मुलं मिळतील, आणि मिळावीतही. पण मोजमापाची शिस्त असलेली माणसं या दुखण्याकडे फार कमी वळतात. दुसऱ्या एमआरआयचा खर्च वगळ. त्या पैशात दुसरा तपासनीस तयार कर, दोघांनी एकमेकांचे निष्कर्ष न पाहता तेच वीस रुग्ण तपासा, आणि जुळणी किती होते ते मोजा. एक किलोचा दाब हाताला कळेपर्यंत वजनकाट्यावर बोट दाबून सराव कर. उरलेला पैसा सहा महिन्यांनी रुग्णांना परत बोलावण्यासाठी ठेव, आणि जे येणार नाहीत त्यांना फोन करायला माणूस नेम.

संपूर्ण आराखडा आत्ता पाठवू नकोस. फक्त एक पान पाठव: अभ्यासात कोणाला घेणार, कोणाला नाही, आणि का. रविवारपर्यंत आलं तर सोमवारी फोनवर बोलू.

तुझा,
सर