साडेनऊ म्हणजे साडेनऊ

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. डिसेंबरात 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे, पण सायकलवरून घरात सारखे वाद होतात, आणि परवा तर 'विकून टाक ती सायकल' इथपर्यंत गोष्ट गेली. 'काकू, तुम्ही कसं जमवता?' असं विचारलंस. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर बोलण्याचा हा विषय नाही आणि फोनवर अर्धवट राहील, म्हणून लिहितेय.

आधी बीआरएमचं. तू ज्या दमाने बोपदेव घाट चढतोस ते बघता 200 तुला जमेल, याची मला खात्री आहे. साडेतेरा तास मिळतात. चहापाणी, पंक्चर, पोटपूजा सगळं धरून ताशी 15 चा हिशोब पडतो. ती शर्यत नाही, नंबर काढत नाहीत, वेळेत पोचलास की झालं. पण पुढचे आकडेही बघून ठेव. 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40. शनिवारी सकाळी सहाला 600 ला निघालेला माणूस रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर असू शकतो, आणि सोमवारी तो ऑफिसात असला तरी घरच्यांच्या काही उपयोगाचा नसतो. चारही अंतरं एकाच मोसमात केली की 'सुपर रँडोनर' म्हणवून घेता येतं. ग्रुपमधली मुलं तुला आत्तापासून त्यासाठी भरीला घालतायत, ते मला दिसतंय. माझं स्पष्ट मत आहे, यंदा नको. लेक चार वर्षांची आहे, बाबांची अँजिओप्लास्टी नुकतीच झालीये. 200 कर, अगदी मन लावून कर. 300 चं पुढच्या वर्षी बघू.

नाशिकच्या महाजन बंधूंची गोष्ट तू सगळ्यांना सांगत असतोस. दोघे डॉक्टर भाऊ, 2015 मध्ये दोघांच्या गटात अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही सायकल शर्यत त्यांनी पूर्ण केली. तुझ्या बोलण्यात त्यांचे पाय आणि त्यांची झोप असते. त्या शर्यतीत सायकलच्या मागेपुढे क्रूच्या गाड्या असतात, हे मात्र तू सांगत नाहीस. कोणी खायला देतं, कोणी रस्ता बघतं, कोणी चेन पुसतं, आणि ती माणसं आपली झोप मोडून ते करतात. तू पहाटे पाचला दार ओढून निघतोस तेव्हा तुझा क्रू घरात असतो. दूध तापवतो, बाबांना गोळ्या देतो, लेकीची शी-शू बघतो. त्या क्रूला कोणी विचारलेलं नाही, हे तुझ्या घरातल्या भांडणाचं मूळ आहे असं मला वाटतं. सायकलवर कोणाचाच राग नाही.

आता आपला रविवार बघ. साडेपाचला कर्वे पुतळ्यापाशी जमतो. खडकवासल्याला जाऊन येणं रमतगमत केलं तरी दोन तासांचं काम. तू घरी पोचतोस साडेदहाला. मधले तीन तास कुठे जातात ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. धरणाच्या भिंतीपाशी फोटो, मग चहा, मग कोणीतरी मिसळीचा विषय काढतं, आणि मिसळीवर बसल्यावर गिअरचा विषय निघाला की संपत नाही. त्या गप्पा वाया जातात असं मी मुळीच म्हणणार नाही. सायकलची निम्मी गंमत तिथेच आहे. पण घरी 'राइडला जातो' म्हणून सांगायचं आणि राइड आणि गप्पा दोन्ही एकाच नावावर खपवायचं, हे बरोबर नाही. एका रविवारी गप्पांसकट छोटी राइड ठेव, दुसऱ्या रविवारी लांबचा पल्ला आणि थांबे मोजके. आणि घरी सांगताना निघायची वेळ सांगू नकोस, परत यायची सांग. साडेनऊ म्हणालास तर साडेनऊला दाराची बेल वाजली पाहिजे. पोरं मिसळीवर बसलेली असोत, तू उठायचं. पहिले दोन-तीन रविवार ती चिडवतील, मग त्यांना सवय होईल. घरच्यांनाही होईल, आणि तीच हवी आहे.

आल्यावर इडलीचं पार्सल पुढे करू नकोस. तू बाहेर चमचमीत खाऊन आलास आणि घरी गारढोण इडली आणलीस, याने कोणी खूश होत नाही. अंघोळ कर आणि कढईला हात लाव. पोहे तुला येतात, मागे पानशेतच्या वेळी खाल्लेत मी. जर्सी आणि पॅडची चड्डी आल्याआल्या स्वतः धुवून टाक. ती मशीनमध्ये इतरांच्या कपड्यांत टाकायची नाही, हाताने साध्या साबणात धुवायची आणि सावलीत वाळवायची. पॅडही जास्त टिकतो आणि घामाचा वास घरभर फिरत नाही.

आता ती गोष्ट, जी सांगायला मी मुख्यतः बसले. तुझी सायकल घराच्या एकाही कामाला येत नाही. साठ-सत्तर हजारांची वस्तू गॅलरीत उभी आहे, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वाटेत येते, तिला हात लावायचा नाही, लेकीने घंटी वाजवायची म्हटली तर तिला घंटीच नाही. घरातल्यांना ती आपली कशी वाटावी? एके काळी आपलं पुणे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, ते पल्ले मारणाऱ्यांमुळे नव्हे. कारखान्याचा डबा, कॉलेजची वही, दळण, मंडईची पिशवी, पुढच्या दांडीवर पोर, हे सगळं सायकलवर होतं. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे लेकीला घेऊन जा. घरातल्या वापराच्या किती तऱ्हेतऱ्हेच्या सायकली होत्या ते तिलाही कळेल, तुलाही.

रोडबाइकला कॅरिअर लावायला मी सांगत नाही. बाबांची जुनी काळी सायकल पार्किंगमध्ये पडून आहे ना? ती बाहेर काढ. टायर-ट्यूब नव्या टाक, चाकांचं आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घे, ब्रेकचे रबर बदल. कॅरिअर, मजबूत स्टँड आणि घंटी लाव. गिरणीतलं दळण, कोपऱ्यावरची भाजी, बाबांच्या गोळ्या, लेकीला बालवाडीत सोडणं, हे सगळं त्या सायकलवर ये-जा करून होतं आणि स्कूटरपेक्षा फार वेळही लागत नाही. कोथरूडच्या गल्ल्यांत संध्याकाळी चारचाकीला जागा मिळेपर्यंत तू दोन कामं उरकून आलेला असशील. बाबांना त्यांची सायकल परत चालती झालेली बघून काय वाटेल, ते मी सांगायला नको.

सरावाची काळजी करू नकोस. रविवारवर सगळा भार टाकलास म्हणून तो इतका जड झालाय. आठवड्यातून दोनदा पहाटे पाचला उठून चांदणी चौकाकडून भूगावच्या बाजूला एक तास जाऊन ये. घर उठायच्या आत तू परत. पायांना रविवारच्या चार तासांपेक्षा असा नेम जास्त उपयोगी पडतो. सिंहगड महिन्यातून एकदा पुरे. गोळेवाडीपासूनचा तो चढ दम बघतो, पण उतरताना सकाळी साडेआठनंतर समोरून गाड्यांची रांग सुरू होते, म्हणून तिथे लवकर जा आणि लवकर उतर.

शनिवारी संध्याकाळी गॅलरीत वर्तमानपत्र अंथर आणि लेकीला शेजारी बसव. जुन्या बनियनचा तुकडा घे, चेन त्यात धरून पायडल उलटं फिरव, कापड काळं झालं की घडी बदल. पाच मिनिटांत चेन चांदीसारखी दिसायला लागते. मग प्रत्येक कडीवर वंगणाचा एकच थेंब, तोही चेनच्या आतल्या बाजूने. दहा मिनिटं मुरू दे आणि वरचं सगळं पुसून काढ. वर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं, आणि तेच पुढे भिंतीला नि सोफ्याला लागतं, ज्यावरून तुमचं भांडण झालं. आता मोजायचं काम लेकीला दे. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे नव्या चेनवर अशी 24 अंतरं बरोबर 12 इंच भरतात. स्टीलची फूटपट्टी एका पिनेच्या मध्यावर धर, लेकीला बोटाने 24 पर्यंत मोजू दे, आणि चोविसावी पिन 12 इंचांच्या पुढे एक दोरा, म्हणजे एक सोळांश इंच, सरकली असेल तर चेन बदलायला झाली. तशीच चालवलीस तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चक्रं, खाईल आणि खर्च कितीतरी पट वाढेल. चार वर्षांच्या मुलीला 24 पर्यंत मोजायला याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. आणि तो एलन कीचा संच, तो पाना, हे एकदा हातात आलेच आहेत तर कुकरची सैल मूठ, दाराची कुरकुरणारी बिजागरी, गळका नळ यांच्याकडेही बघ. आपल्या ग्रुपातले निम्मे लोक आपापल्या सोसायटीत मिक्सरपासून पंख्यापर्यंत सगळं दुरुस्त करतात, ते याच सवयीतून.

ग्रुपचं आणखी एक तुझ्या अजून लक्षात आलेलं नाही, कारण तू कायम पुढे असतोस. मागे रेंगाळणाऱ्यांचे छंद बघ. त्यातले दोघे हिवाळ्यात कवडीपाटला का जातात? सोलापूर रस्त्यालगत नदीच्या उथळ पाण्यात चक्रवाक उतरलेले असतात, शेकाटे लांब लाल पायांवर चालत असतात, आणि हे दोघे दुर्बीण घेऊन तासभर हलत नाहीत. आपल्या ताईंना देवळांचं वेड आहे. माळशिरसच्या भुलेश्वराला गेलो की त्या स्त्रीरूपातला गणपती दाखवल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. मी स्वतः सासवडला जाते ती मोसमाचा माल बघायला. पुरंदरची अंजिरं, सीताफळं, पावसाळ्यातला मटार. पिशवीत किलोभर मावतं तेवढं आणते, आणि आमच्याकडे माझ्या राइडची वाट बघतात ती त्यासाठीही. आमचे हे जन्मात सायकलवर बसले नाहीत, पण पक्ष्यांच्या वहीत नोंदी तेच लिहितात. असा एखादा धागा तुझ्या घरात शोध. आधी तू सायकलवर जाऊन जागा बघून ये, मग दुपारी सगळ्यांना गाडीने घेऊन जा. भुलेश्वर त्यासाठी उत्तम आहे, रस्ता थेट वरपर्यंत जातो, बाबांनाही जमेल.

मात्र एक करू नकोस. 'तुझ्या बायकोलाही सायकलवर आण' असं तुला चार जण सांगतील. तिला हवी असेल तर ती सांगेल. तिच्या वाट्याचा प्रश्न सायकलचा नाही, वेळेचा आहे. तुला रविवारी चार तास मिळतात, तर शनिवारी सकाळी तिला चार तास मिळाले पाहिजेत, आणि त्यात ती गाण्याच्या क्लासला जाते, मैत्रिणीकडे जाते की नऊपर्यंत झोपते, हे विचारायचं नाही. त्या चार तासांत लेक, बाबा, दूध, कामवाल्या मावशी, सगळं तुझ्याकडे. फोन करून 'डबा कुठे ठेवलाय' विचारायचं नाही. हे अपवाद न करता कर. माझ्या मते याच्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं ठरेल.

बाबांची काळजी वेगळी आहे. त्यांना तुझा राग येत नाही, भीती वाटते. निघताना कोणत्या रस्त्याने जाणार ते त्यांनाच सांग, फोनवरून लाइव्ह लोकेशन त्यांना पाठव आणि ते कसं बघायचं ते शिकव. हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, मागे लाल, अंगात चकाकणारं जाकीट. बीआरएमला अंधारात दिवे आणि जाकीट लागतंच, ते आत्तापासून अंगवळणी पाड. खिशात कागदावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर ठेव. तातडीच्या मदतीचा 112 हा नंबर लक्षात असू दे. घाट उतरताना ब्रेक सलग दाबून धरू नकोस, दाब-सोड करत ये. आणि चढ संपला की वरून बाबांना एक फोन कर.

डिसेंबरच्या राइडची तारीख नक्की झाली की आधी घरच्या कॅलेंडरवर लिही आणि मगच पैसे भर. त्या आठवड्यात लग्न, मुंज, बाबांची तपासणी काही असेल तर पुढची राइड धर, पुण्यातून मोसमात बऱ्याच निघतात. खायचं घरून ने, शेंगदाण्याचे लाडू आणि मीठ-साखर-लिंबाची बाटली. माझ्याकडे जादा पुढचा दिवा आहे, चांगला आहे, तुला चालेल. शनिवारी संध्याकाळी ये तेव्हा लेकीला आणि बाबांची सायकल घेऊन ये. चाकांचं आउट आपण इथेच काढू, ह्यांना त्यातलं उत्तम कळतं.

तुझी,
काकू