‘मधली पाच वर्षं काय केलंत?’

मी समुपदेशक आहे. मुलाखतीच्या धास्तीने माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न अलीकडे ठरलेला असतो : ‘मॅडम, गॅपबद्दल विचारलं तर काय सांगायचं?’ बाळंतपणानंतर सहा-सात वर्षं घरी राहिलेली बाई हेच विचारते. वडिलांच्या आजारपणात गावी अडकलेला मुलगाही हेच विचारतो. पण सगळ्यांत जास्त वेळा हा प्रश्न येतो तो पुण्याच्या पेठांमधून. सदाशिव, नारायण, शुक्रवार पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास केलेली आणि आता ‘बास’ म्हणून खासगी नोकरी शोधणारी ही मुलंमुली. त्यांतल्याच एकाची हकिगत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो लातूरकडचा. वय तिशीला टेकलेलं, शिक्षण बी.एस्सी. पाच वर्षं कम्बाइन (पीएसआयसारख्या पदांची एकत्रित परीक्षा) आणि राज्यसेवा दोन्ही दिल्या. एकदा पीएसआयच्या मैदानी चाचणीपर्यंत पोचला, पण अंतिम यादीत नाव नाही. मार्च २०२१मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात रस्त्यावर उतरलेल्या पोरांत तोही होता. परीक्षा सोडायचं त्याचं त्यानेच ठरवलं. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण आयोग कधीच कुणाला ‘आता थांब’ म्हणत नाही. राज्यसेवेला वयाची अट खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. तोवर दार उघडंच असतं, त्यामुळे ते आपल्या हाताने लावून घ्यावं लागतं. ते धैर्य त्याच्यात होतं. पण ते धैर्य आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

पहिल्या भेटीला तो वही घेऊन आला. व्हिडिओ बघून उत्तरं उतरवून घेतलेली. ‘स्ट्रेंथ’ आणि ‘वीकनेस’ इंग्रजीत पाठ. वीकनेस काय, तर ‘आय ॲम अ परफेक्शनिस्ट’. हे उत्तर देणारा उमेदवार दिवसाला दहा वेळा भेटतो असं एचआरमधली माणसं सांगतात, पण ते असो. मी म्हटलं, वही मिट.

‘समज, मी कंपनीची एचआर आहे. मधली पाच वर्षं काय केलंत?’

तो खुर्चीत पुढे सरकला. ‘मॅडम, ॲक्च्युअली एमपीएससी करत होतो. एकदा तर चार मार्कांनी गेलं. मधी लॉकडाऊन लागला, जाहिरातच निघंना. घरची परिस्थितीपण जरा...’

‘नापास का झालास, असं मी विचारलं का?’

‘नाही.’

‘मग?’

‘फिरवून तेच विचारतात ना, मॅडम.’

घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त त्रास देतो, असं सांगणारा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ म्हणजे अल्बर्ट एलिस. कि. मो. फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात रुजलेल्या त्याच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे. त्यामुळे असं काही कानावर पडलं की मला पुढची वाट दिसू लागते. समोरचा साधी माहिती विचारतो आणि याला आरोप ऐकू येतो. आरोप ऐकू आला की माणूस सफाई देतो. सफाई देणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नाही, मग आरोप खराच होता असं त्याला वाटतं. परीक्षेत नापास झालो यावरून ‘मी माणूस म्हणूनच नापास’ इथवर त्याने उडी मारली होती. ती उडी मी त्याला दाखवली, त्यालाही ती पटली. पण पुढच्या आठवड्यात आला तो तसाच, खांदे पाडून. पटणं आणि अंगात मुरणं यांत अंतर असतं. ते कशाने तुटेल हे मी शोधत होते.

मग मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, कालचा दिवस तासातासाने लिही.

त्याला बराच वेळ लागला. उठलो साडेदहाला. मोबाइल. मेस. झोप. मोबाइल. संध्याकाळी चहा. दुपारी एक ते पाचच्या रकान्यात त्याने काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘खरंच आठवंना झालंय, मॅडम. असाच गेला.’

त्या रिकाम्या रकान्याने मला एका जुन्या अभ्यासाची आठवण झाली. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएनताल नावाचं गाव आहे. सगळं गाव एका कापडगिरणीवर जगणारं. १९२९-३०मध्ये ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तिघे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांना घेऊन १९३१च्या हिवाळ्यात तिथे गेले. काम नाही म्हणजे वेळच वेळ, तेव्हा लोक जास्त वाचत असतील असं कुणालाही वाटेल. घडलं होतं उलटं. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली होती. पुरुष रस्त्याने सावकाश चालायचे, जागोजागी थांबायचे. बहुतेकांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. बायका मात्र झपझप चालायच्या, कारण त्यांचा स्वयंपाक, धुणंभांडी, मुलं काही सुटली नव्हती. पुरुषांना दिवसाचा हिशेब लिहायला सांगितला तर बऱ्याच तासांपुढे लिहिण्यासारखं काही नसायचं. आपल्या गिरणगावात १९८२च्या संपानंतर नाक्यावर बसून राहिलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

याहोडाने पुढे आयुष्यभर याच विषयाचा विचार केला. पगार सोडूनही नोकरी माणसाला बरंच काही देते, असं तिचं म्हणणं. दिवसाला आकार येतो. घराबाहेरची माणसं भेटतात. एकट्याने न होणाऱ्या कशात तरी आपला वाटा असतो. ‘तुम्ही काय करता?’ला उत्तर मिळतं. आणि हातापायांना चाळा राहतो. हे सगळं आपसूक मिळत असतं, म्हणून ते मिळतंय हेच कळत नाही. कळतं ते गेल्यावर.

हे मी त्याला साध्या शब्दांत सांगितलं आणि विचारलं, ‘अभ्यासिकेत होतास तेव्हा दिवस कसा जायचा?’

त्याचा आवाजच बदलला. पहाटे साडेपाचला उठणं. सहाला अभ्यासिका. आठला सगळे मिळून पोहे, चालू घडामोडींची चर्चा. रात्री अकराला शेवटचा चहा. नवीन पोरं त्याला ‘सर’ म्हणायची. गावी कुणी विचारलं तर ‘पुण्याला एमपीएससी करतोय’ एवढं म्हटलं की झालं.

‘म्हणजे पाच वर्षं तुझ्या दिवसाला ठरलेली वेळ होती, माणसं होती, ध्येय होतं, ओळख होती,’ मी म्हटलं. ‘फक्त पगार नव्हता. पाच वर्षं तू बेकार नव्हतास. बेकार झालास तो गेल्या आठ महिन्यांत, अभ्यासिका सोडल्यावर. नोकरी सुटलेल्या माणसाचं होतं तसंच तुझं झालंय. फरक एवढाच की तुझी नोकरी सुटली हे कुणाला दिसलं नाही. तुलाही नाही.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग डोळे पुसले आणि म्हणाला, ‘किल्ली परत करताना लई वाईट वाटलं होतं, मॅडम.’

‘कसली किल्ली?’

‘अभ्यासिकेची.’

आणि मग जे बाहेर आलं, ते त्याने आजवर एकाही मुलाखतीत सांगितलं नव्हतं. शेवटची दोन वर्षं ती अभ्यासिका तोच चालवत होता. मालक कोथरूडला राहायचे, महिन्यातून एखादी चक्कर. सकाळी कुलूप उघडणं, एकशे दहा जागांचं रजिस्टर, फी गोळा करणं, लाइटबिल, वायफाय बंद पडलं की त्या माणसाच्या मागे लागणं, पंख्याखालच्या जागेवरून होणारी भांडणं मिटवणं. मोबदला म्हणून त्याची स्वतःची फी माफ.

‘हे सीव्हीत का नाही?’

‘ते काय काम हाय का, मॅडम? फी वाचावी म्हणून करायचो.’

माझ्यातली समुपदेशक त्या वेळी मनातून उडी मारत होती, हे कबूल करते. मी शांतपणे विचारत राहिले. फी कुणी थकवली तर? ‘दोन महिने थकली की आधी त्याच्या रूममेटला विचारायचो, घरी काही झालंय का म्हणून. खरंच अडचण असली तर हप्ते पाडून द्यायचो. नुसतंच टाळत असला तर जागा वेटिंगवाल्याला.’ आणि मालकाला हिशेब? ‘दर पाच तारखेला, एक्सेलमध्ये.’ पैशांचा कधी घोळ? ‘एकदा चारशे रुपये कमी भरले. मीच घातले.’

समोर बसलेल्या मुलाला वसुली करता येत होती, हिशेब येत होता, माणसं सांभाळता येत होती, आणि तो इंग्रजीतला वीकनेस पाठ करत होता. कित्येक गृहिणींचं मी हेच पाहते. सोसायटीचं सगळं चिटणीसपद सांभाळणारी बाई अर्जात ‘अनुभव : नाही’ असं लिहिते. पगाराची पावती मिळाली नाही तर केलेलं काम आपल्यालाच दिसेनासं होतं, असा माझा अनुभव आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

पुढच्या काही भेटींत आम्ही दोन कामं केली. पहिलं दिवसाचं. सकाळी ठरलेल्या वेळेला कुणीतरी त्याची वाट पाहत असेल असं काहीतरी शोधायचं, एवढीच अट. तो जेवायचा त्या मेसच्या काकू खाड्यांचा हिशेब वहीत ठेवायच्या आणि महिनाअखेरीला पोरांशी त्यावरून वाद. तो हिशेब त्याने अंगावर घेतला. रोज सकाळी नऊला, एका वेळच्या जेवणाच्या बदल्यात. पंधरा दिवसांत त्याच्या कागदावरचे रकाने भरू लागले. खांदे कधी वर आले ते नेमकं सांगता येणार नाही.

दुसरं काम उत्तराचं. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हे पुष्कळांच्या उपयोगाचं आहे. गॅपचा प्रश्न विचारणाऱ्याला तुमच्या अपयशात रस नसतो. स्पर्धा परीक्षेवाल्याच्या बाबतीत त्याची खरी शंका अशी असते की उद्या जाहिरात आली तर हा सोडून जाईल का? मूल असलेल्या बाईबद्दलची शंका वेगळी, ती वेळेची. शंका ओळखा आणि तिलाच उत्तर द्या, तेही न विचारता. उत्तर दोन-तीन वाक्यांत संपलं पाहिजे. मार्क, कट-ऑफ, आयोगाचा कारभार, यातलं काहीही नको. तुमचं खरं असलं तरी नको.

आणि खोटा अनुभव दाखवू नका. ‘एका कन्सल्टन्सीतून अनुभवाचं सर्टिफिकेट मिळतं’ असं मला दर काही दिवसांनी कुणीतरी सांगतं. पडताळणीत पीएफच्या यूएएन क्रमांकावरून कुठे किती महिने नोकरी केली ते दिसतं, तिथे हे उघडं पडतं. पण पकडलं जाण्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त नुकसानीची वाटते. खोटी दोन वर्षं लिहिताना खरी दोन वर्षं आपण आपल्याच हाताने खोडतो. या मुलाने तसं केलं असतं तर अभ्यासिका कायमची झाकली गेली असती.

पगाराची अपेक्षा विचारली की ‘तुम्ही द्याल ते’ म्हणायची त्याला सवय होती. तीही सोडवली. त्या कामाला त्या भागात काय मिळतं ते दोन-चार ओळखीच्यांना विचारून जायचं आणि आकडा सांगायचा. नम्रपणा हवा, पण लिलावात स्वतःला फुकट काढायची गरज नाही.

एक अवघड गोष्ट राहिली होती. परीक्षा सोडल्याचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. वडील सोयाबीनच्या पैशातून महिन्याला रक्कम पाठवत होते. ‘आधी नोकरी लागू दे, मग सांगतो’ असं तो म्हणत होता. मी त्याला विरोध केला. घरी एक आणि मुलाखतीत एक अशा दोन गोष्टी सांभाळणाऱ्याची जीभ नेमक्या वेळी अडखळते. त्याने फोन केला. वडील चिडले, ‘मग आठ महिने पैसे कशाला मागवलेस?’ म्हणाले, फोन ठेवला. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला की गावी ये, बोलू. या प्रकरणात मी पडले नाही. ते घर त्यांचं त्यांनी सावरलं.

चाकणच्या एका गोदामात माल रवानगीच्या कामासाठी मुलाखत होती. तिची हकिगत त्याने मला फोनवर सांगितली. प्रश्न आलाच, मधली पाच वर्षं काय केलंत? ‘एमपीएससीची तयारी केली, निवड झाली नाही आणि आठ महिन्यांपूर्वी थांबलो. पुढची जाहिरात येईल, मी फॉर्म भरणार नाही. त्यातली दोन वर्षं एकशे दहा जागांची अभ्यासिका सांभाळली.’ समोरचे साहेब म्हणाले, अभ्यासिका सांभाळली म्हणजे काय? मग पुढची वीस मिनिटं थकबाकी, रजिस्टर आणि पंख्याखालची भांडणं यावरच बोलणं झालं. ट्रान्सपोर्टवाले ऐकत नाहीत तेव्हा काय करशील, हेही त्याच ओघात विचारून झालं. पाठ केलेलं इंग्रजी वापरायची वेळच आली नाही, याची त्याला थोडी हळहळ होती!

नोकरी मिळाली. पगार बेताचा. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याचा मेसेज, ‘एवढं शिकून हेच का?’ मी लिहिलं, ‘वर्षभर कर. मग दुसरी शोध. तेव्हा तुला गॅपबद्दल कुणी विचारणार नाही, चाकणबद्दल विचारतील.’ खासगी नोकरीत ‘साहेब’ नसतं, सहीला शिक्का नसतो, हे दुःख खरं आहे आणि ते त्याला अधूनमधून होणार. ते होऊच नये असा माझा आग्रह नाही. सकाळी साडेसातच्या कंपनीच्या बसला तो वेळेवर उभा असतो, तेवढं मला पुरे आहे.

मधे त्याने पुन्हा वेळ मागितली. तक्रार अशी की शिफ्टवरचा सीनियर गेटपासचं सगळं काम याच्यावर ढकलतो आणि स्वतः चहाला जातो. वेळ काही जमली नाही. त्याला सुट्टी फक्त रविवारी आणि रविवारी माझं केंद्र बंद.